चौदा दिवसांत "बरोबर बसतंय" म्हणजे बसत नाहीये: मुरिंग सर्व्हिसिंगच्या क्रूझबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार मुरिंग्ज (तळाशी वजनाला बांधून पाण्यात उभी ठेवलेली वायर, तिच्यावर मोजमापाची इन्स्ट्रुमेंट्स आणि फ्लोट्स), सगळी साधारण ४००० मीटर पाण्यात, बंदरापासून ५४० सागरी मैलांवर किनाऱ्याशी समांतर एका रेषेत, एकमेकांपासून ६० मैल. संशोधनाचं जहाज १४ दिवस मिळालंय. जुनी काढायची, नवीन टाकायची. तीन मुरिंग्जपुरता इन्स्ट्रुमेंट्सचा नवीन सेट आहे, चौथ्यासाठी काढलेलंच सामान साफ करून परत वापरायचंय. प्रश्नकर्ता पहिल्यांदाच चीफ सायंटिस्ट म्हणून जातोय, एक्सेलमध्ये तासातासाचं शेड्यूल केलंय, ते "१४ दिवसांत बरोबर बसतंय", आणि विचारलंय की काही राहिलंय का, पॅकिंगची एखादी लिस्ट असेल तर द्या.

लिस्ट देईन, पण तुमचा खरा प्रॉब्लेम लिस्टचा नाहीये. बरोबर बसतंय हाच प्रॉब्लेम आहे. अशा कामावर मी बरीच वर्षं जातेय आणि ठरवल्याप्रमाणे तंतोतंत झालेली एकही क्रूझ मला आठवत नाही. त्यामुळे एक्सेल करताना स्वतःला विचारायचं ते हे, की एक दिवस गेला तर मी काय सोडणार, दोन गेले तर काय, तीन गेले तर काय. हे घरी बसून, झोप झालेली असताना ठरवायचं. समुद्रावर रात्री दोन वाजता, वारा वाढलेला असताना, सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असताना ठरवायला गेलात तर माणूस काहीच सोडायला तयार होत नाही आणि मग सगळंच अर्धवट राहतं.

आधीच सांगते, यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. वर बोया तरंगणारी मुरिंग्ज आहेत की सगळं पाण्याखाली, सीझन कुठला, जहाजाला डायनॅमिक पोझिशनिंग (जहाज आपोआप एका जागी धरून ठेवणारी यंत्रणा) आहे का, डेकवरची माणसं हे काम आधी केलेली आहेत का. तुमच्या लिहिण्यावरून मुरिंग्ज पाण्याखालची वाटतायत, म्हणजे सगळ्यात वरचा फ्लोटसुद्धा पृष्ठभागाच्या खाली. तसं धरून लिहिते.

तुमच्या शीटचा हिशोब आधी बघू. जहाजाचा वेग १२ नॉट, म्हणजे तासाला १२ सागरी मैल, धरलाय. जाऊन-येऊन १०८० मैल म्हणजे ९० तास, पावणेचार दिवस. मधल्या तीन उड्या पाच-पाच तासांच्या. प्रत्येक मुरिंगला दोन दिवस म्हणजे आठ, आणि सीटीडीसाठी (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र वायरने खाली सोडायचं, त्यासाठी) वेगळा दीड दिवस. बेरीज पावणेचौदाच्या थोडी वर, म्हणजे बसलं. पण १२ नॉट हा जहाजाच्या माहितीपत्रकातला वेग आहे. समोरून वारा आणि लाट असेल तर तेच जहाज आठ-नऊवर येतं, आणि इंधन वाचवायला म्हणून कॅप्टनला ऑफिसकडून एक ठरावीक वेग सांगितलेला असतो तो वेगळाच. नऊ धरा. मग जाणं-येणं पूर्ण पाच दिवस होतं, उड्या वीस तासांच्या होतात, आणि तुमची तीच शीट सव्वापंधरा दिवसांच्या वर जाते. अजून हवामान खराब झालेलंच नाहीये! कॅप्टनला आजच विचारा की या महिन्यात या भागात तुम्ही खरोखर किती वेगाने जाल. हा एक आकडा बदलला की अख्खी शीट बदलते आणि नव्वद टक्के लोक तो विचारत नाहीत.

आता वेळ कुठून काढायचा. मुरिंगचं काम उजेडातलं आहे, रात्री वर आलेला फ्लोट दिसत नाही (दिवा लावलेला असतो, पण वर्षभर खाली राहिलेल्या दिव्यावर मी विसंबत नाही), आणि डेकवर ताणलेली वायर असताना झोपाळू माणसं नकोत. म्हणजे रात्री जहाज रिकामंच असतं. तुमचा सीटीडीचा दीड दिवस आणि उड्यांचे वीस तास, दोन्ही रात्रीत ढकला. पहिल्या दिवशी जुनं काढायचं, त्या रात्री तिथेच सीटीडी आणि मल्टीबीमने (आवाजाने तळाचा नकाशा काढणाऱ्या यंत्राने) तळाची पाहणी, दुसऱ्या दिवशी नवीन टाकायचं, त्या रात्री पुढच्या जागेकडे निघायचं. ६० मैल नऊ नॉटने पावणेसात तास, सकाळी पोचलात. असं केलं की पाच अधिक आठ, तेरा दिवस. एक दिवस हातात राहिला.

एक पुरत नाही. खुल्या समुद्रात मी एकूण दिवसांच्या निदान पाचवा हिस्सा हवामान आणि बिघाड यांच्या नावावर टाकते, म्हणजे तुमच्याकडे तीनेक दिवस. सीझन शांत असेल तर दोन. तो हिशोब धरला तर तुमच्याकडे चार मुरिंग्जचं पूर्ण काम नाहीये, तीन पूर्ण आणि एक अर्धं आहे. हे मान्य केलंत की पुढचं सोपं होतं.

आणि शिल्लक दिवस शीटच्या शेवटी ठेवू नका. सगळं काम झाल्यावर "राखीव" लिहिलेला दिवस काय कामाचा, तेव्हा तुम्ही घरी निघालेले असता. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मुरिंगच्या मध्ये ठेवा. वापरावा नाही लागला तर पुढे सरकवा, आणि अगदीच उरला तर करायला किरकोळ कामांची यादी हाताशी ठेवा: जास्तीचा सीटीडी सेक्शन, तळाचा नकाशा, कुणी आर्गो फ्लोट दिले असतील तर ते सोडणं. आर्गोचं बरं असतं, एकदा पाण्यात सोडला की तो आपापला दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत जाऊन वर येऊन सॅटेलाइटला डेटा देतो, परत आणायला कुणी जात नाही. आपल्या मुरिंग्जचं तसं नाही.

हे दिवस इतके का मोजायचे याचं सगळ्यात मोठं उदाहरण पॅसिफिकमधलं आहे. १९८२-८३ चा एल निनो चालू झाला तेव्हा लोकांच्या वेळेत लक्षात आला नाही, त्यानंतर विषुववृत्तावर टाओ नावाची मुरिंग्जची साखळी उभी केली, ती १९९४ मध्ये पूर्ण झाली, सुमारे ७० मुरिंग्ज. दहा वर्षांची मेहनत. पुढे २०१२ मध्ये त्यांची सर्व्हिसिंग करणारं काइमिमोआना हे जहाज निवृत्त झालं, त्या बदल्यात पुरेसे जहाजाचे दिवस मिळाले नाहीत, आणि दोन वर्षांच्या आत साखळीचा डेटा निम्म्याच्याही खाली आला. बोये तेच, सेन्सर तेच, फक्त वर्षातून एकदा जाऊन बॅटऱ्या बदलणारं जहाज नव्हतं. शिवाय मासे बोयाच्या सावलीला जमतात म्हणून मच्छीमार बोटी येऊन त्यालाच बांधतात, सेन्सर तोडून नेतात, तो वेगळाच ताप.

बरं, आता सोडायचा क्रम कसा लावायचा. मी तीन गोष्टी बघते. पहिली, खाली असलेल्या अकूस्टिक रिलीजची बॅटरी किती दिवस टिकणार. मुरिंग तळाशी लोखंडी वजनाला बांधलेलं असतं, वरून आवाजाचा कोड पाठवला की रिलीज हूक उघडतो आणि वजन खाली राहून बाकी सगळं फ्लोट्सच्या जोरावर वर येतं. त्या रिलीजची बॅटरी संपली की तुमचा वर्षभराचा डेटा तळाशी, मेमरीत सुरक्षित आणि तुम्हाला कायमचा अप्राप्य. म्हणून ज्या मुरिंगचे रिलीज सगळ्यात जुने, ते काढणं कधीच सोडायचं नाही. दुसरी, कुठल्या जागेची मालिका सगळ्यात लांब आहे, तिथे खंड पडला तर दुःख जास्त. तिसरी, कुठलं नवीन मुरिंग टाकलं नाही तरी शेजारच्यावरून थोडंफार भागेल.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: एक नंबरपासून सुरुवात, कारण एकचं काढलेलं सामान साफ करून चौथ्याला वापरायचंय आणि त्याला मध्ये पाच-सहा दिवस लागतात. बेडूकउडी म्हणतो आम्ही याला. एक दिवस गेला तर काहीच सोडायचं नाही, तो राखीव होता. दोन गेले तर चौथ्यावर फक्त काढायचं, टाकायचं नाही. तीन गेले तर चौथं काढायचं आणि तिसऱ्याचं टाकणं तेवढं सोडायचं. चार गेले तर चारही नुसती काढायची... पण ते तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळत नाही, त्यामुळे चौथी पायरी कागदावरच राहते, असू दे. हे एका पानावर छापा, कॅप्टनला द्या, डेकवर लावा. घरी जो तुमचा बॉस आहे त्याची त्यावर आधी सही घ्या, नाहीतर समुद्रावर तुम्ही सोडाल आणि परत आल्यावर तो विचारेल का सोडलं.

पहिलं सोपं असावं हाही एक फायदा आहे. काही जण सांगतात सगळ्यात लांबचं, सगळ्यात अवघड आधी करा. मला नाही पटत. पहिल्या दिवशी डेकवरची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, हाताच्या खुणा जुळलेल्या नसतात, निम्म्यांना बोट लागलेली असते. त्या दिवशी साधं मुरिंग हवं.

आता काढण्याचा एक दिवस जवळून सांगते, म्हणजे शीटमधला "रिकव्हरी, ८ तास" म्हणजे काय ते कळेल. उजाडायच्या आधी जागेवर पोचायचं, मुरिंगपासून थोडं बाजूला, वाऱ्याच्या आणि करंटच्या अंदाजाने, म्हणजे ते वर आलं तर जहाजाखाली येणार नाही. बाजूने ट्रान्सड्यूसर (आवाज पाठवणारं आणि ऐकणारं यंत्र) पाण्यात सोडायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे ४००० मीटरवरून उत्तर यायला पाच सेकंदांपेक्षा थोडं जास्त लागतं, आणि ते पाच सेकंद डेकवर कुणी बोलत नाही. अंतर आलं की रिलीज जिवंत आहे. मग कोड. उघडल्याचं उत्तर येतं, पण मी त्यावर आनंद मानत नाही, परत परत अंतर विचारत राहायचं, ४०६०, ३९८०, ३९०० असं कमी होत गेलं की मग श्वास सोडायचा. मिनिटाला ७०-८० मीटरने येतं धरा, म्हणजे पाऊण-एक तास. मग ब्रिजवर सगळे डोळे. पिवळे-नारिंगी ठिपके दिसले की जहाज हळूहळू बाजूला घ्यायचं, हूकच्या काठीने पकडायचं, दोर मागे ए-फ्रेमवरून (जहाजाच्या मागच्या टोकाची सामान उचलायची कमान) विंचवर. आणि तिथून पुढे चार किलोमीटर वायर, मध्ये मध्ये इन्स्ट्रुमेंट, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, ताण स्टॉपरवर घ्यायचा, काढायचं, नोंद करायची, पुढे. गुंता नसेल तर दुपारी एकपर्यंत संपतं. गुंता असतोच, कारण खालचे फ्लोट्स वरच्यांच्या मागोमाग येऊन वायरचा पिळा करतात. त्या पिळ्यावर घाईने सुरी चालवू नका, आधी ताण कुठल्या दोरावर आहे ते ओळखा.

आणि रिलीजने उत्तरच दिलं नाही तर? आधी घाबरू नका. जहाज स्वतःच सगळ्यात मोठा गोंगाट आहे. थ्रस्टर बंद करा, शक्य तर मुख्य प्रोपेलरही थांबवा, आणि १२ किलोहर्ट्झचा इको साउंडर (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) बंद आहे का ते स्वतः जाऊन बघा, कारण बरेच रिलीज त्याच पट्ट्यात ऐकतात आणि ब्रिजवरचा माणूस "बंद आहे" म्हणतो तेव्हा स्क्रीन बंद असते, साउंडर नाही. मग जागा बदला, एक-दोन किलोमीटर सरकून परत विचारा. दुसऱ्या रिलीजचा कोड वापरा, ४००० मीटरच्या मुरिंगला एकच रिलीज लावणं म्हणजे जुगार आहे, दोन शेजारी लावायचे, कुठलाही एक उघडला तरी चालेल असे.

यावरची माझी फजिती सांगते. एकदा उत्तर आलं, "उघडलं" असंही आलं, पण अंतर जागचं हलेना. काचेचे गोळे फुटले असणार असा आमचा अंदाज होता. तरंगायला लावलेला एक गोळा खोलवर फुटला की त्याच्या धक्क्याने शेजारचे फुटतात आणि मग वर यायला जोरच उरत नाही. मी ठरवलं, गळ टाकून ओढायचं. म्हणजे जहाजातून लांब वायर सोडायची, तिला जागोजागी आकडे, ती मुरिंगभोवती अर्ध्या वर्तुळात तळावर पसरायची आणि हळूहळू आवळायची. अकरा तास लागले. मिळालं! पण त्या अकरा तासांत हवामानाची शांत खिडकी गेली, पुढच्या जागेवर नवीन टाकता आलं नाही, आणि तिथे वर्षभराचा खंड पडला, जो अजून त्या ग्राफमध्ये दिसतो. ओढून काढलेल्या मुरिंगच्या सात इन्स्ट्रुमेंट्सपैकी दोनांत पाणी शिरलेलं होतं. त्यामुळे आता मी आधीच लिहून ठेवते: ओढायला जास्तीत जास्त किती तास, आणि कुठल्या मुरिंगसाठी. तो आकडा संपला की जागा नोंदवायची आणि निघायचं, कितीही जवळ आलोय असं वाटलं तरी.

टाकण्याबद्दल. खोल मुरिंग बहुतेक वेळा अँकर शेवटी अशा पद्धतीने टाकतात: वरचा फ्लोट आधी पाण्यात, जहाज वाऱ्याच्या तोंडावर एक-दीड नॉटने पुढे, मागे मुरिंग लांब पसरत जातं आणि सगळ्यात शेवटी अँकर सोडायचा. अँकर म्हणजे नांगर डोळ्यासमोर आणू नका, बहुधा रेल्वेच्या जुन्या चाकांचं वजन असतं. सोडायला चार-पाच तास लागणार असतील आणि जहाज एक नॉटने चाललंय तर तुम्ही लक्ष्याच्या चार-पाच मैल आधी सुरुवात करायला हवी. नवखे इथेच चुकतात. जवळून सुरू केलं तर लक्ष्यावर पोचता तेव्हा अजून हजार मीटर वायर ड्रमवर, लांबून केलं तर सगळं सोडून झालंय आणि अँकर लटकवून दोन तास ओढत बसा. वारा आणि करंट वेगळ्या दिशेला असतील तर कॅप्टनशी आदल्या रात्री बसून अर्धा तास नुसतं जहाज वाहू देऊन ड्रिफ्ट बघायची, तो अर्धा तास परत मिळतो.

अँकर सोडला की तो सरळ खाली जात नाही, मागे पसरलेली वायर त्याला फ्लोटच्या बाजूला मागे ओढते. खोलीच्या पाच-दहा टक्के धरा, म्हणजे ४००० मीटरला २०० ते ४०० मीटर. म्हणून लक्ष्य ओलांडून तेवढं पुढे जाऊन सोडायचा. आणि लक्ष्य म्हणजे नकाशावरचा ठिपका नाही, सपाट तळ हवा. आदल्या रात्री मल्टीबीम कशाला सांगितलं ते यासाठी. मुरिंग ४००० मीटरसाठी कापलेलं असेल आणि तुम्ही ३९०० वर टाकलंत तर तुमचा वरचा फ्लोट आणि सगळी इन्स्ट्रुमेंट्स शंभर मीटर वर येऊन बसतील, १५० मीटरला ठेवलेला फ्लोट ५० ला, तिथे लाटा त्याला वर्षभर झोडपणार आणि जाळीही पोचणार. टाकून झाल्यावर तीन बाजूंनी रिलीजचं अंतर मोजून अँकरची खरी जागा काढायची. दीड-दोन तास जातात. थकलेले असाल, उद्या करू म्हणाल, करू नका, पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला तीच जागा लागणार आहे.

नवीन आधी टाकून मग जुनं काढायची पद्धतही आहे. हवाईजवळ ओआहूच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर २००४ पासून एक बोया दरवर्षी बदलतात, तिथे नवा आणि जुना काही दिवस शेजारी ठेवून दोघांचे आकडे जहाजाच्या आकड्यांशी ताडून बघतात. पृष्ठभागावरच्या हवामानाच्या सेन्सरसाठी फार चांगलं. तुमच्याकडे दिवस नाहीत आणि पाण्याखालच्या सेन्सरसाठी दुसरा उपाय आहे, त्यामुळे सोडा.

तो दुसरा उपाय म्हणजे सीटीडीच्या फ्रेमला तुमचे तापमान-क्षारतेचे रेकॉर्डर बांधून खाली पाठवणं. काढलेले काढल्यावर, आणि टाकायचे टाकायच्या आधी. वर येताना पाच-सहा खोलींवर निदान पाच मिनिटं थांबायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, म्हणजे वर्षभरात सेन्सर किती सरकला ते कळतं. अटलांटिकमध्ये २६.५ उत्तर अक्षांशावर रॅपिड नावाच्या प्रकल्पाची मुरिंग्ज २००४ पासून आहेत, ते लोक हे नेमाने करतात, कारण तिथे क्षारतेतली बारीक चूक मोठ्या प्रवाहाच्या आकड्यात उतरते. ४००० मीटरला मिनिटाला ६० मीटरने नुसतं जाऊन यायला सव्वादोन तास, थांबे धरून साडेतीन-चार. एका रात्रीत एक आरामात, दोन ओढाताणीत.

इन्स्ट्रुमेंट हातात आल्यावरचा क्रम पाठ करा, कारण इथे डेटा जातो. वरचं इन्स्ट्रुमेंट येतं ते शिंपल्यांनी आणि हिरव्या शेवाळाने माखलेलं, वास असा की पहिल्यांदा आलेला पोरगा लगेच पाइप घेऊन धुवायला धावतो. थांबवा त्याला. आधी फोटो, सीरियल नंबर दिसेल असा. क्षारता मोजणारा सेल किती झाकला होता ते त्या फोटोतूनच कळतं. मग रेकॉर्डिंग न थांबवता त्याचं घड्याळ जीपीएसशी ताडून लिहायचं. माझ्या वहीतली एक नोंद: इन्स्ट्रुमेंट ०३:१४:०७, जीपीएस ०३:१५:४९. चौदा महिन्यांत १०२ सेकंद मागे. ही एक ओळ लिहिली नाही आणि रेकॉर्डिंग थांबवलं की मग ती चूक कधीच काढता येत नाही. मग थांबवायचं, डाउनलोड, दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, फाइल उघडून ग्राफ डोळ्याने बघायचा, आणि त्यानंतरच बॅटरीला हात. सगळ्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. जहाजाचं जेवण कुठल्या का वेळेने असेना.

प्रवाह मोजणाऱ्या एडीसीपीचं एक लक्षात ठेवा, नवीन बॅटरी घातली की तिच्या लोखंडाने आतल्या कंपासचं वाचन बदलतं. कंपास कॅलिब्रेशन नव्या बॅटरीसकट, बंदरावर, लोखंडापासून लांब करायचं. स्टीलच्या डेकवर केलेलं काही उपयोगाचं नाही. म्हणजे तुमच्या चौथ्या मुरिंगला एकचा एडीसीपी परत वापरायचा असेल तर अडचण आहे, त्याच्यासाठी तरी एक जादा यंत्र मागून घ्या.

आणि एक जिवाचं. पाणी शिरलेलं इन्स्ट्रुमेंट आतून दाबाखाली असू शकतं, खोलवर शिरलेलं पाणी वर आल्यावर बाहेर पडू न शकल्याने, किंवा बॅटरीच्या गॅसने. त्याचं झाकण गोळीसारखं उडतं. संशय आला, वजन जास्त लागलं, झाकण फुगलेलं दिसलं, तर तोंड माणसांपासून लांब करून बाजूला बांधून ठेवायचं, उघडायचं नाही. डेकवर दोराच्या वळशात पाय नाही, ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि डेकवर हुकूम फक्त एकाचा, तो बोसनचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा. तुमचा नाही. तुम्ही मागे उभं राहून वही लिहायची.

सामान. सगळ्यात आधी जहाजाच्या डेकचा नकाशा मागवा, बोल्टच्या भोकांच्या अंतरासकट. आम्ही एकदा विंच घेऊन पोचलो आणि तिच्या पायाची भोकं डेकच्या भोकांवर बसेनात, बंदरावर वेल्डर शोधण्यात दीड दिवस गेला, म्हणजे एक मुरिंग गेलं. ए-फ्रेमला किती वजन झेपतं, डेकवर वीज कुठली मिळते, विंचच्या ड्रमवर काढलेलं ४००० मीटर मावेल का की मध्येच रिळं बदलायची, हे सगळं लेखी घ्या, "होईल" वर जाऊ नका. लिथियम बॅटऱ्या धोकादायक माल म्हणून वेगळ्या कागदांवर जातात, विमानाने पाठवायच्या म्हणाल तर अडतील, त्या जहाजाच्या कंटेनरमधून आणि खूप आधी. शॅकल, पिना, रिंगा लागतात त्याच्या दीडपट. स्टेनलेस आणि गॅल्व्हनाइज्ड एकमेकांना थेट लावू नका, वर्षभर खाऱ्या पाण्यात त्यातलं एक दुसऱ्याला खातं, मध्ये प्लास्टिकचं बुश हवं. मुरिंगचा प्रत्येक तुकडा बंदरावरच मोजून, नंबर लावून, टाकायच्या उलट क्रमाने ड्रमवर. बाकी टेप, केबल टाय, मार्कर यांची लिस्ट कुणीही देईल.

परवानगीचं तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून विचारते. चारपैकी एखादी जागा दुसऱ्या देशाच्या २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात येते का? समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संशोधनाची पूर्ण माहिती त्या देशाला निदान सहा महिने आधी द्यावी लागते, त्यांचा माणूस जहाजावर घ्यायची तयारी ठेवावी लागते आणि नंतर डेटा-रिपोर्टही. सहा महिने उरले नसतील तर ती जागा शीटमधून आजच काढा, "बघू" म्हणून ठेवू नका, कारण परवानगी नाही आली तर तुमची उड्यांची अख्खी रेषा मोडते. नेव्हिगेशनल वॉर्निंग काढायला कॅप्टन आणि एजंटला जागा-तारखा लेखी द्या.

आता मला दोन गोष्टी सांगा म्हणजे क्रम नक्की सांगता येईल. चारही ठिकाणच्या रिलीजमध्ये बॅटऱ्या कुठल्या महिन्यात घातल्या होत्या. आणि तुमच्या शीटमध्ये पहिल्या दिवशी सकाळी आठला "निघणे" लिहिलंय, तर विंच बसवणं, वायर ड्रमवर भरणं, कंटेनर उतरवणं हे त्या १४ दिवसांच्या बाहेर धरलंय का आत? आत असेल तर दोन्ही टोकांचा मिळून अजून दीड-दोन दिवस गेला, आणि आपण वर लिहिलेली पायरी एक खाली सरकली.